काँप्युटरचा पॉवर सप्लाय शिट्टीसारखा वाजतो तेव्हा

दुकानात बिलासाठी ठेवलेला काँप्युटर नीट चालत असतो आणि एके दिवशी त्याच्या मागून बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू होतो. काही जण तिकडे दुर्लक्ष करतात, तर काही जण लगेच नवा पॉवर सप्लाय विकत आणतात. पहिल्या प्रकारात एखाद्या दिवशी उधारीचा सारा हिशेब अडकून पडतो, दुसऱ्यात विनाकारण पैसे जातात. म्हणून आवाज कशाचा आहे हे आधी ओळखले पाहिजे.

आधी ही दोन कामे

पहिले, हिशेबाच्या फाइलींची नक्कल पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. दुसरे, पॉवर सप्लायचा पत्र्याचा डबा स्वतः उघडू नका. घरच्या 230 व्होल्ट विजेपासून त्याच्या आत सुमारे 325 व्होल्टचा डी.सी. दाब तयार होतो व मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतो. प्लग काढल्यावरही तो काही वेळ राहू शकतो. हा झटका जीवघेणा ठरू शकतो.

आवाज का येतो?

पॉवर सप्लाय, म्हणजे कारागिरांच्या भाषेत एसएमपीएस, विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून 12, 5 व 3.3 व्होल्ट तयार करतो. त्यामुळे आतील कॉइल व ट्रान्सफॉर्मर किंचित थरथरतात. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण 20,000 कंपनांपर्यंतच ऐकू येते. एरवी ही थरथर त्याच्या वर असते. परंतु भार फार कमी असला किंवा भराभर बदलत असला की ती ऐकू येण्याच्या टप्प्यात उतरते. कॉइलचे वेढे सैल असतील तर आवाज अधिक येतो.

तपास कसा करावा?

दुकानातील पंखा बंद करा. जाड कागदाची सुरळी करून एक टोक कानाशी व दुसरे काँप्युटरच्या निरनिराळ्या भागांजवळ धरा. सुरळी फिरत्या पंख्यात जाऊ देऊ नका.

1) घरघर किंवा खरखर येत असेल, सकाळी सुरू करताना ती जास्त असेल, तर दोष बहुधा पंख्याचा आहे. भिवंडी, मालेगावसारख्या यंत्रमागाच्या गावांत सुताचे बारीक तंतू पंख्यात व जाळीत अडकतात. प्लग काढून बाहेरून ब्लोअरने सफाई करावी.

2) आवाज बारीक असून पडद्यावरील खातेवही भराभर वर-खाली केल्यावर त्याचा सूर बदलत असेल, तर तो कॉइलचा आहे. मदरबोर्ड व ग्राफिक्स कार्डावरही कॉइल असतात, म्हणून जागा नीट ओळखावी.

3) वीज गेल्यावर, यूपीएस बॅटरीवर असतानाच गुणगुण येत असेल, तर कारण यूपीएसकडे शोधावे. अनेक स्वस्त यूपीएस बॅटरीवर शुद्ध लहरीची वीज देत नाहीत.

4) काँप्युटर बंद असूनही आवाज येत असेल, तर आतील 5 व्होल्टचा स्टँडबाय भाग चालू असतो. रात्री भिंतीवरचा स्वीच बंद करावा.

धोका केव्हा समजावा?

जळका वास, चटचट, आपोआप बंद होणे किंवा पुन्हा सुरू होणे, यांपैकी काहीही आवाजासोबत असेल तर स्वीच ताबडतोब बंद करून पॉवर सप्लाय बदलावा. काँप्युटर कामात असताना मल्टिमीटरवर 12 व्होल्टच्या तारेत 11.4 ते 12.6 आणि 5 व्होल्टच्या तारेत 4.75 ते 5.25 यांच्या बाहेरचा आकडा आला तरीही बदलावा. हे माप जाणकारानेच घ्यावे. यातले काहीच नसेल आणि फक्त कॉइल वाजत असेल, तर ते कानाला त्रासदायक असले तरी सहसा धोक्याचे नसते. वॉरंटी शिल्लक असल्यास विक्रेत्याला तो आवाज प्रत्यक्ष ऐकवावा.

दुरुस्ती करणाऱ्या बंधूंसाठी

‘एसएमपीएस गेला’ असे सांगण्यापूर्वी आपल्याकडचा चांगला एसएमपीएस दहा मिनिटे लावून पाहावा. आवाज थांबला तर दोष जुन्या एसएमपीएसचा, राहिला तर दुसरीकडे. पंखा बदलताना माप, 12 व्होल्ट आणि हवेची दिशा जुळवावी. आवाज थांबावा म्हणून कॉइलवर फेव्हिक्विक वगैरे ओतू नये. गिऱ्हाइकाला कारण समजावून सांगितले आणि गरज नसताना माल विकला नाही, तर तोच गिऱ्हाईक पुढच्या कामाला परत येतो व आणखी चार जणांना पाठवतो.