निवृत्तिवेतनाचा निधी आणि राज्याचा अर्थसंकल्प

सातारा तालुक्यातील अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द लागतो, तो तेथील घरोघरच्या सैनिकी परंपरेमुळे. माण, खटाव, जत या तालुक्यांत पावसाने ओढ दिली तरी निवृत्त जवान व शिक्षक यांचे निवृत्तिवेतन येतच राहते आणि आठवड्याच्या बाजारात फिरते. हा पैसा कोठून येतो, हे पंचायत सदस्यांनाही ठाऊक असणे इष्ट होय.

सैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठी वेगळा निधी साठविलेला नसतो. केंद्राच्या अर्थसंकल्पात त्याची दरवर्षी तरतूद होते. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी सेवेत आलेल्या राज्य कर्मचाऱ्यांचेही तसेच. आजचा करदाता कालच्या सेवेचे मोल देतो. तहसील कार्यालयातील जुना लिपिक भविष्य निर्वाह निधीत भरतो ती त्याची स्वतःची बचत. ती राज्याच्या लोकलेख्यात जमा होते. शासन ती वापरते, व्याज देते, आणि म्हणूनच ती राज्याचे देणे ठरते. कोषागारात नोटांच्या थप्प्या रचलेल्या असतात, ही समजूत सोडून द्यावी.

त्या तारखेनंतर अंशदानाची पद्धत आली. शिक्षकाचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 40,000 रुपये धरले, तर त्याचे 10 टक्के म्हणजे 4,000 आणि शासनाचे 14 टक्के म्हणजे 5,600, असे 9,600 रुपये दरमहा त्याच्या खात्यात पडतात. (शासनाचा हिस्सा 2019 पर्यंत 10 टक्केच होता.) या निधीचा मोठा भाग सरकारी कर्जरोख्यांत गुंतविला जातो, त्यांत राज्यांचे रोखेही असतात. म्हणजे शिक्षकाची बचत फिरून शासनाकडेच कर्जरूपाने येऊ शकते. मात्र आता तिला मुदत असते आणि तिचे व्याज बाजारात ठरते. काही रक्कम कंपन्यांचे रोखे व समभाग यांत जाऊन उद्योगांना भांडवल पुरविते.

खरी ओढाताण संक्रमणकाळाची आहे. जुन्यांचे निवृत्तिवेतन आणि नव्यांचे अंशदान, दोन्ही एकाच वर्षाच्या महसुलातून द्यावे लागतात; रस्ते व पाटबंधारे यांच्या वाट्याला तितके कमी उरते. मार्च 2023 मध्ये जुन्या योजनेसाठी राज्यभर संप झाला. 2024 मध्ये पुरेशी सेवा झाल्यास निम्म्या वेतनाची हमी देणारा पर्याय राज्याने स्वीकारला. निधी अपुरा पडल्यास हमीची तूट शासनालाच भरावी लागणार, हे उघड आहे. त्यामुळे वेतनातून कापलेले अंशदान खात्यात उशिरा पोहोचले, तर त्या काळाचा परतावा बुडतो आणि त्याचा भार पुढील एखाद्या अर्थसंकल्पावर पडतो.