कवडशापासून ध्रुवापर्यंत

कापसाच्या हंगामात जळगाव-धुळ्याकडील एखाद्या जिनिंगमध्ये तुम्ही डोकावला असालच. पत्र्याच्या भोकातून कवडसा आत येतो आणि एरवी न दिसणारी धूळ व तंतू त्यात चमकू लागतात. हे कण प्रकाश चोहीकडे विखुरतात. त्यातला थोडा आपल्या डोळ्यांत शिरतो, म्हणून झोत दिसतो.

याच तत्त्वावर हवेतील सूक्ष्म कणांचा शोध घेणाऱ्या यंत्रास लायडार म्हणतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत १९८६ पासून असे एक यंत्र वापरात आले. त्यात लेसर व दुर्बीण एकमेकांपासून दूर ठेवीत. झोत आणि दुर्बिणीची दृष्टिरेषा जेथे छेदत, त्या बिंदूची उंची त्रिकोणमितीने काढीत.

फार उंचावरचे कण पाहण्यासाठी मात्र अखंड झोताऐवजी प्रकाशाचे क्षणिक स्पंद सोडतात. समजा, एक स्पंद ०.०००१४ सेकंदात परतला. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन ४२ किलोमीटर. कण २१ किलोमीटर उंचीवर आहेत!

दक्षिण ध्रुवावर हिवाळ्यात एवढ्याच उंचीवर तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. तेव्हा नायट्रिक आम्ल व पाणी यांचे विरळ ढग बनतात. त्यांच्या कणांवर क्लोरीनची निरुपद्रवी संयुगे क्रियाशील रूप घेतात. वसंतात सूर्य उगवला, की तोच क्लोरीन अतिनील किरणांपासून आपले रक्षण करणारा ओझोन नष्ट करतो.

हे कण द्रवाचे थेंब आहेत की स्फटिक, हेही लायडार सांगतो. लेसरचा प्रकाश एकाच प्रतलात कंप पावणारा असतो. गोल थेंबावरून सरळ मागे फिरताना हे प्रतल बदलत नाही. कोनदार स्फटिकावरून आलेल्या प्रकाशात प्रतल बदललेला भाग सापडतो.

१९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर वातावरणातील क्लोरीन हळूहळू घटत आहे. परंतु ढग दर हिवाळ्यात बनतातच. म्हणून त्यांच्यावरील पहारा चालूच ठेवावा लागतो.

आता तुम्ही एक गणित सोडवा. लेसरचा झोत सरळ वर जातो. दुर्बीण ५० मीटर दूर असून जमिनीशी ६० अंशांचा कोन करते. तिला किती उंचीवरचे कण दिसतील?

(उत्तर : सुमारे ८७ मीटर)