आधी हवा, मग उष्णता : कापड सांधणाऱ्या यंत्रावरील कारकीर्द

दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे घरोघरी जी चिंतायुक्त चर्चा सुरू होते, तिच्यात अभियांत्रिकी, वैद्यक आणि स्पर्धा परीक्षा यांची नावे इतक्या वेळा घेतली जातात की, ज्या मुलाचा हात यंत्रावर सहज बसतो किंवा ज्या मुलीला एखादी वस्तू उलगडून पुन्हा जुळवण्यात खरा आनंद वाटतो, त्यांच्या वाट्याला कोणते सन्मानाचे काम येऊ शकेल याचा विचार करावयास कोणाला अवसरच उरत नाही. अशा मुलामुलींच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या विचारार्थ येथे एक काम मांडावयाचे आहे. ते म्हणजे तप्त हवेच्या झोताने कापड सांधणारे यंत्र, कारखान्याच्या बोलीत ‘हॉट एअर वेल्डिंग मशीन’, चालवणे आणि त्याची निगा राखणे. यात प्रतिष्ठा काय, धोका किती आणि पुढे वाढ आहे की नाही, असे तीन प्रश्न पालक विचारतात, आणि ते त्यांनी विचारलेच पाहिजेत. पण या तिन्हींचे उत्तर अखेर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे : उमेदवार यंत्र नुसते चालवण्यास शिकतो, की ते रीतसर सुरू करण्यास, सांभाळण्यास आणि तितक्याच रीतसर बंद करण्यास शिकतो.

कामाचे स्वरूप

सुईने कापड शिवले की प्रत्येक टाक्यागणिक त्याला एक छिद्र पडते, आणि अंगरख्याला त्या छिद्राने काही बाध येत नसला तरी मालमोटारीवरील ताडपत्रीला, मंडपाच्या छताला, हवा भरून फुगवावयाच्या नावेला किंवा गोबर वायूच्या फुग्याला ते छिद्र परवडत नाही. म्हणून ज्या कापडावर पीव्हीसी, पॉलिथिन किंवा पॉलियुरेथेन यांसारख्या उष्णतेने मऊ होणाऱ्या द्रव्याचा लेप असतो, त्याच्या दोन कडा एकमेकींवर चढवून, त्यांच्यामध्ये अतितप्त हवेचा झोत सोडून, लेप वितळताच दोन रोलरांमध्ये दाबून एकजीव केल्या जातात. सुती किंवा लोकरी कापड या रीतीने सांधता येत नाही, कारण ते वितळत नाही, जळते.

आपल्या महाराष्ट्रात या कौशल्याची किंमत कळावयास शेततळ्यासारखे दुसरे उदाहरण नाही. ‘मागेल त्याला शेततळे’ ही राज्य शासनाची योजना २०१६ साली सुरू झाली, आणि तिच्यात ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल अशा मापापर्यंतची तळी बसत होती. मुरमाड जमिनीत पाणी टिकत नाही म्हणून नाशिक, अहिल्यानगर, सोलापूर या जिल्ह्यांतील द्राक्ष आणि डाळिंबाचे बागाईतदार अशा तळ्याला प्लास्टिकचे अस्तर घालतात. एवढ्या विस्ताराचे अस्तर एका पन्ह्यात विणून येत नाही. अनेक पट्टे सांधून ते सिद्ध करावे लागते. त्यातला एक सांधा हातभर जरी कच्चा राहिला, तरी पावसाळ्यात साठवलेले पाणी उन्हाळ्याआधीच जमिनीत जिरते आणि बाग वाळते. ज्या कामगाराच्या हातावर एका कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून आहे, त्याच्या कामाला प्रतिष्ठा आहे काय, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते येथेच मिळते.

यंत्राचे अंतरंग

या यंत्राचे शास्त्र तीन गोष्टींत सामावलेले आहे : उष्णता, वेग आणि दाब. ब्लोअर किंवा कॉम्प्रेसर हवा पुरवतो. ती हवा विजेच्या तापलेल्या एलिमेंटवरून वाहत नोझलपर्यंत येते. थर्मोकपल तिचे तापमान मोजून नियंत्रकाला कळवतो. आणि रोलरांची जोडी कापड पुढे ओढता ओढताच सांधा दाबते. नोझलमधून निघणाऱ्या हवेचे तापमान पुष्कळ यंत्रांत ४०० ते ६५० अंश सेल्सियस असते. पीव्हीसीचा लेप एकजीव होण्यास लागणारी उष्णता याच्या निम्म्याहूनही कमी असता एवढ्या प्रखर झोतात कापड जळत कसे नाही, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील, आणि त्याने तो विचारावाच. कापड झोतासमोर क्षणभरच असते, म्हणून ते वाचते. म्हणूनच तापमान वाढवावयाचे तर वेगही वाढवावा लागतो, जाड कापडाला वेग कमी करून उष्णता आत मुरू द्यावी लागते, आणि दाब अपुरा पडला तर उत्तम तापलेला सांधाही वरवरचा राहतो. या तिहींचा मेळ पुस्तकात दिलेला असला तरी तो अंतिम नसतो. कापडाची नवी गुंडाळी, पावसाळी दमट हवा, विजेच्या दाबातील चढउतार यांपैकी काहीही बदलले की मेळ पुन्हा जुळवावा लागतो.

तो जुळला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. याकरिता प्रत्येक शिफ्टच्या आरंभी त्याच कापडाच्या तुकड्यावर नमुन्याचा सांधा घ्यावा, तो पुरता थंड होऊ द्यावा, आणि मग दोन्ही कडा धरून ओढून सोलून पाहावा. सांधा उत्तम असेल तर लेप मूळ विणीपासून सुटून आतले धागे उघडे पडतात, पण लेपाला लागलेला लेप सुटत नाही. दोन लेप एकमेकांपासून अलगद विलग झाले, तर सांधा कच्चा समजावा. आणि कडेला तपकिरी डाग किंवा बुडबुडे दिसले, तर उष्णता अधिक झाली किंवा कापड ओलसर होते असे समजावे.

धोका आणि त्याचा बंदोबस्त

दुसरा प्रश्न धोक्याचा. धोका आहे, आणि तो पालकांपासून लपवून ठेवणे हे मार्गदर्शकाच्या धर्माला शोभणार नाही. तप्त नोझल, फिरणारे रोलर, वीज आणि धूर ही त्याची चार स्थाने होत.

नोझल तापून लाल दिसत नाही, म्हणून नवशिक्याला ते थंड वाटते. यंत्र बंद झाल्यावरही ते बराच वेळ तप्त असते, हे प्रथम दिवशीच मनावर बिंबवले पाहिजे. रोलरांच्या जोडीत बोट, बाहीचे टोक, ओढणी, साडीचा पदर किंवा मोकळे केस सापडले तर ते आत ओढले जातात. म्हणून अंगाबरोबरचा पोशाख, वर अॅप्रन, बांधलेले केस आणि अंगठी-बांगड्यांविना हात हा या कामाचा शिरस्ताच असावा. उष्णतारोधक हातमोजे नोझल हाताळताना अवश्य घालावेत, पण सैल मोजे घालून फिरत्या रोलरांजवळ हात नेऊ नये. अडकलेले कापड सोडवावयाचे असल्यास आधी यंत्र थांबवावे; आणि दुरुस्तीसाठी झाकण उघडावयाचे असल्यास मुख्य स्विच बंद करून त्याला आपले कुलूप लावावे व किल्ली आपल्याच खिशात ठेवावी, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या अनवधानाने वीज सुरू होणार नाही. यंत्रांच्या धोक्याच्या भागांना आडोसा घालण्याचे कर्तव्य १९४८ च्या कारखाने अधिनियमाने मालकावर टाकले. तो आडोसा काम लवकर व्हावे म्हणून काढून ठेवणारा कामगार मालकाचे हित साधत नाही आणि स्वतःचेही नाही.

धुराचा विचार पुष्कळ ठिकाणी होत नाही, तो व्हावयास हवा. पीव्हीसी अतितप्त होऊन करपले म्हणजे त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा आम्लधर्मी वायू निघतो. तो डोळ्यांना व घशाला झोंबतो आणि यंत्राच्या धातूलाही गंजवतो. यंत्राजवळ धूर ओढून घेणारा पंखा असलाच पाहिजे, आणि करपल्याचा वास सतत येत असेल तर ते यंत्र चुकीच्या तापमानावर चालले आहे असे निश्चित समजावे. सांधा बिघडवणारी चूक आणि फुप्फुसाला बाधणारी चूक या येथे दोन नाहीत, एकच आहे. या व्यवसायात सुरक्षितता हा कौशल्याला जोडलेला वेगळा अध्याय नव्हे. कौशल्य पुरते अंगी बाणले की सुरक्षितता त्यातच येते, आणि ते अर्धवट राहिले तर नियमांचे कितीही फलक भिंतीवर लावून ती येत नाही.

इतके करूनही भाजलेच, तर अंगठी-बांगडी तत्काळ काढून तो भाग वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटे धरावा आणि वैद्याकडे जावे. हळद, टूथपेस्ट किंवा शाई लावू नये.

यंत्र बंद करण्याची विद्या

आता या लेखाच्या मुख्य प्रतिपादनाकडे वळतो. यंत्र सुरू करताना आधी हवा आणि मग हीटर. बंद करताना आधी हीटर आणि मग, नोझल निवल्यावर, हवा : हा क्रम या विद्येचा पाया आहे. एलिमेंटची उष्णता वाहती हवाच बाहेर नेत असते; हवा थांबली आणि उष्णता आतच कोंडली, तर एलिमेंट जळून जाते. चांगल्या यंत्रांत हवेचा दाब घटताच हीटरची वीज आपोआप तुटण्याची योजना असते, परंतु ती योजना शाबूत आहे की नाही याची तपासणी माणसानेच करावयाची असते. आपल्याकडे वीज मध्येच जाते, ही वस्तुस्थिती ध्यानात घेऊन ऑपरेटरने तशा प्रसंगाची तालीमच केलेली असावी : वीज जाताच नोझल हाताने कापडापासून दूर करावे, हीटरचा व मुख्य स्विच बंद करावा, आणि वीज परतल्यावर सर्व क्रम पहिल्यापासून पुन्हा करावा, नाहीतर यंत्र अकस्मात चालू होऊन कापड, एलिमेंट आणि प्रसंगी बोटे यांची हानी होते.

शिफ्ट सुटण्याच्या घाईत, घरी जाण्याची ओढ लागलेली असता, नोझल निवेपर्यंत यंत्रापाशी थांबण्यास जो संयम लागतो, तोच देखभालीच्या सर्व कामांत लागतो. नोझलच्या तोंडाशी साचलेला करपलेला लेप पितळी ब्रशने रोज काढावा; रोलर पुसावेत; ब्लोअरची जाळी धूळमुक्त ठेवावी; कॉम्प्रेसरच्या हवेतील पाणी व तेल गाळणाऱ्या फिल्टरमधून साचलेले पाणी नियमाने सोडावे, कारण तेलकट हवा एलिमेंटचे आयुष्य कमी करते आणि ओली हवा सांधा बिघडवते. नोझलची दिशा, साखळी-पट्ट्यांचा ताण, विजेच्या जोडण्यांचा घट्टपणा आणि अर्थिंग ही कामे निर्मात्याच्या पुस्तिकेतील मुदतीबरहुकूम करावीत. पैकी विजेची कामे लायसन्सधारक वायरमनकडूनच करवावीत, कारण अशा यंत्रांपैकी मोठी यंत्रे ४१५ व्होल्टच्या थ्री-फेज विजेवर चालतात. केलेल्या प्रत्येक कामाची तारखेनिशी नोंदवहीत नोंद व्हावी. तापमान, वेग, दाब, कापडाचा प्रकार आणि नमुन्याचा निकाल यांची अशी वही जो वर्षभर प्रामाणिकपणे लिहील, त्याच्याजवळ वर्षअखेर कोणत्याही प्रमाणपत्रात न मावणारे ज्ञान साठलेले असेल.

शिक्षणाचा मार्ग

या कामाकडे येण्याचा सरळ मार्ग औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे आयटीआयमधून, जातो. दहावीनंतर फिटर किंवा इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम करणाऱ्याला यंत्राची देखभाल सुलभ जाते. शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्यांना, विशेषतः मुलींना, कापडाचा पन्हा, ताण व मापे यांची जाण आधीच असल्यामुळे ऑपरेटरचे काम लवकर साधते. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाखाली कारखान्यात उमेदवारी करावी. तिच्या काळात विद्यावेतन मिळते आणि अखेरीस राष्ट्रीय प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. पुढे शिकण्याची उमेद असल्यास आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्यांना तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षी प्रवेशाची सोय आहे. ताडपत्रीसारख्या तांत्रिक वस्त्रांच्या क्षेत्राला चालना देण्यासाठी केंद्र शासनाने २०२० साली १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. आणि मुंबईची व्हीजेटीआय, इचलकरंजीची डीकेटीई यांसारख्या संस्थांतून वस्त्रविद्येचे उच्च शिक्षणही आपल्याच राज्यात मिळते. म्हणजे वाढीचा तिसरा प्रश्नही निराधार राहत नाही : ऑपरेटर, मग यंत्र जुळवणारा, मग देखभाल-प्रमुख, आणि इच्छा व भांडवल जुळल्यास जिल्हा उद्योग केंद्राच्या साहाय्याने ताडपत्री किंवा शेततळ्याच्या अस्तराचा स्वतःचा छोटा कारखाना, अशी ही वाट आहे. आरंभीचे वेतन मोठे असेल अशी आशा मात्र कोणी दाखवली तर तिच्यावर विसंबू नये. येथे वाढ होते ती हाताच्या विश्वासार्हतेने आणि सावकाश.

पालकांनी काय पाहावे

नोकरीवर रुजू होण्यापूर्वी पालकांनी मुलासह कारखान्यात स्वतः एकदा जावे, आणि शक्यतो शिफ्ट सुटण्याच्या वेळी जावे. राज्य कामगार विमा आणि भविष्य निर्वाह निधी यांची व्यवस्था विचारावी; रोलरांवर आडोसा आहे का, धूर ओढणारा पंखा चालू आहे का, इमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण हाताच्या टप्प्यात आहे का, हे पाहावे; देखभालीची नोंदवही पाहावयास मागावी. सर्वात महत्त्वाचे म्हणजे, काम संपल्यावर ऑपरेटर एकदम सगळे स्विच बंद करून निघतो, की हीटर बंद करून हवा चालू ठेवतो आणि यंत्र निवेपर्यंत जवळ थांबतो, याकडे लक्ष द्यावे. जेथे त्याला थांबण्याची मुभा आहे, आणि त्या वेळेचा पगार कापला जात नाही, तेथे शिकवणारा माणूस व शिकण्याजोगी शिस्त दोन्ही आहेत असे समजून मूल निःशंकपणे पाठवावे. जेथे ही मुभा नाही, तेथे चार पैसे अधिक मिळत असले तरी नकार द्यावा आणि दुसरा कारखाना शोधावा. कारण पहिल्या दोन वर्षांत हाताला जी सवय लागते, तीच पुढे आयुष्यभराचे भांडवल होते.