गुन्हेगारीशास्त्र, सायबर गुन्हे आणि फाउंडेशन इयर

गुन्हा का घडतो, समाज कोणत्या कृतीला गुन्हा ठरवतो आणि ठरवल्यावर गुन्हेगाराशी व पीडिताशी कसा वागतो, याचा अभ्यास म्हणजे गुन्हेगारीशास्त्र. हे शास्त्र समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि कायदा यांच्या शेजारी बसते. गुन्ह्याचा तपास हे पोलिसांचे काम, पुराव्याची वैज्ञानिक तपासणी न्यायसहायक प्रयोगशाळेची, आणि संगणकाच्या जाळ्याचे रक्षण सायबर सुरक्षेचे. ही चार क्षेत्रे एकमेकांना लागून असली तरी प्रत्येकाचे शिक्षण, परीक्षा आणि नोकऱ्या वेगळ्या आहेत. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत ‘क्रिमिनॉलॉजी अँड सायबरक्राइम’ अशा नावाची पदवी मिळते. ते नाव वाचून चारही गोष्टी एकाच वर्गात शिकायला मिळतील, अशी समजूत सोलापूरसारख्या शहरातल्या बारावीच्या मुलामुलींची आणि त्यांच्या पालकांची हमखास होते. प्रस्तुत लेखक याच वाटेने गेलेला आहे. पुढची माहिती त्या अनुभवातून निवडली आहे, म्हणून जिथे पाय अडखळतो तिथे ती जास्त रेंगाळते.

फाउंडेशन इयर म्हणजे तीन वर्षांच्या पदवीआधीचे एक जोडवर्ष. ज्यांचे गुण थेट प्रवेशाला कमी पडतात, बारावीचे विषय जुळत नाहीत किंवा इंग्रजीतून शिकण्याची तयारी कच्ची असते, त्यांच्यासाठी ते असते. त्यामुळे एकूण शिक्षण चार वर्षांचे होते. भारतात याला तंतोतंत जुळणारी व्यवस्था नाही. इथे बारावी झाली की विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्षात बसतो. पहिली सावधगिरी इथेच बाळगायची. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीवर अनेक विद्यापीठे थेट पहिल्या वर्षाला प्रवेश देतात आणि गुणांची अट प्रत्येकाची वेगळी असते. सल्लागाराच्या कार्यालयात मात्र बऱ्याचदा फाउंडेशनचाच अर्ज आधी पुढे सरकवला जातो, कारण तो प्रवेश सोपा असतो. थेट प्रवेश का मिळत नाही, याचे लेखी उत्तर विद्यापीठाच्या प्रवेश विभागाकडून आल्याशिवाय चौथ्या वर्षाचा खर्च अंगावर घेऊ नये.

दुसरी तपासणी व्हिसाची. फाउंडेशन वर्ष पदवीला जोडलेले आहे की स्वतंत्र कोर्स आहे, हे प्रवेशपत्र हातात येण्याआधी विचारावे. स्वतंत्र कोर्स पदवीखालच्या पातळीचा धरला जातो आणि तशा विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला १० तासच काम करता येते. पदवीच्या पातळीवर ही मर्यादा २० तासांची आहे. अर्धवेळ कामाच्या भरवशावर खर्चाचे गणित मांडणाऱ्या घरात हा फरक वर्षभर जाणवतो. शिवाय पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस दाखवावी लागते. मधे एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. शिष्यवृत्तीच्या आशेवर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही पदव्युत्तर शिक्षणासाठी व पीएचडीसाठी आहेत. फाउंडेशन वर्ष त्यांत बसत नाही.

या वर्षात शिकवतात काय? विद्यापीठीय लेखन, संदर्भ देण्याची पद्धत, समाजशास्त्र व मानसशास्त्राची ओळख, थोडे संख्याशास्त्र आणि एखादा छोटा संशोधन प्रकल्प. हॅकिंग जवळपास नसतेच. बारावीपर्यंत उत्तर पाठ करून मांडण्याची सवय झालेल्या विद्यार्थ्याला खरा धक्का बसतो तो निबंधात. दीड हजार शब्दांत एक मत मांडायचे, त्याविरुद्धचे मत प्रामाणिकपणे द्यायचे आणि प्रत्येक उसन्या विचाराचा धनी सांगायचा. पुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा उतरवणे हा तिथे शैक्षणिक गुन्हा आहे. लिखाण संगणकावर साम्य तपासणीतून जाते आणि नक्कल सापडली तर चौकशी समितीपुढे उभे राहावे लागते. या वर्षाचे गुण बहुतेक ठिकाणी अंतिम श्रेणीत धरत नाहीत, म्हणून ते हलक्यात घेतले जाते. पण ते उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढचे दार उघडत नाही, आणि लेखनाची जी घडी इथे बसत नाही ती पुढच्या तीन वर्षांत बसवणे फार कठीण.

सिद्धान्तांचा भाग अनेकांना कोरडा वाटतो. सोलापूरच्या विद्यार्थ्याला तो वाटू नये, कारण या शास्त्राच्या चुकीची किंमत त्याच्या शहराने मोजली आहे. इटालियन डॉक्टर चेझारे लोंब्रोसो याने १८७६ मध्ये गुन्हेगार जन्मतःच वेगळा असतो, असा सिद्धान्त मांडला. त्याआधीच, १८७१ मध्ये, ब्रिटिश सरकारने भारतात गुन्हेगार जमाती कायदा आणला होता, आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे तिथे ठेवली गेली. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचे नाही, आणि मजुरीला जायचे ते शहरातल्या गिरण्यांत. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या. शहराच्या पत्त्यांत ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव आजही लिहिले जाते. एखाद्यावर शिक्का मारला की पोलीस, शाळा आणि मालक त्याला त्या शिक्क्यानेच ओळखू लागतात, असे सांगणारा लेबलिंग सिद्धान्त इंग्लंडच्या वर्गात अमेरिकन उदाहरणांनी शिकवतात. तो समजायला सोलापूरकराला इतके लांब जावे लागत नाही. अशाच एका जमातीत जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गुन्हेगारीशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते पाठ्यपुस्तकाइतक्याच गांभीर्याने वाचावे. घरची ही सामग्री निबंधात नीट संदर्भासह वापरणाऱ्याचे लिखाण वेगळे उठून दिसते, कारण परीक्षकाने ती सहसा वाचलेली नसते.

सायबर गुन्ह्यांचा भाग त्या मानाने नवा आहे. ‘सायबर क्रिमिनॉलॉजी’ या शाखेला २००७ मध्ये नाव आणि स्वतंत्र नियतकालिक देणारे के. जयशंकर हे भारतीय अभ्यासक आहेत, ही गोष्ट इथल्या विद्यार्थ्यांना फारशी कुणी सांगत नाही. प्रत्यक्षात समोर असताना जे करण्याचे धाडस माणूस करत नाही ते आभासी जगात का करतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये पळवले गेले. या प्रकरणाची दोन्ही अंगे समजून घेतली की विषयाची हद्द कळते. बँकेच्या यंत्रणेत घातलेला मालवेअर, बनावट कार्डे आणि २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत काढलेला पैसा, हा तंत्राचा भाग झाला. गुन्हेगारीशास्त्र विचारते ते वेगळेच: एटीएमसमोर उभे राहून थोड्या मोबदल्यात नोटा काढणारी माणसे कोण, त्यांना कुणी गाठले, आणि आपण काय करतो आहोत हे त्यांना किती कळत होते? एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. आज कॉलेजच्या मुलांना ‘खाते भाड्याने दे’ म्हणून गाठणारे लोक हीच साखळी चालवतात.

भारतात काम करायचे असेल तर कायदा इथलाच शिकावा लागतो, आणि परदेशी पदवीत तो नसतो. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. त्यातले कलम ६६सी दुसऱ्याची ओळख वापरण्याबद्दल, तर कलम ६६डी तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल आहे. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कलम ७८ नुसार या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. तक्रारी तुंबण्यामागचे हे एक कारण आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. त्यामुळे जुन्या पुस्तकातले कलम क्रमांक पाठ करून उपयोग नाही.

पुराव्याचा धडा मात्र महाराष्ट्रानेच देशाला दिला. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर निवडून आले आणि कैलास गोरंट्याल यांनी त्या निवडीला आव्हान दिले. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला की काय, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर ठरायचे होते. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र अत्यावश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी याच प्रकरणात स्पष्ट केले. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात हॅश व्हॅल्यू लिहायची असते. पेन ड्राइव्हवरची फाइल आणि तिची प्रत, दोन्हींवर एकच गणिती प्रक्रिया चालवली की अंक-अक्षरांची एक लांब ओळ मिळते. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ पार बदलते. दोन्ही ओळी जुळल्या तरच प्रत अस्सल. हे काम कुठल्याही साध्या लॅपटॉपवर घरी करून पाहता येते, आणि बारावीच्या सुट्टीत ते एकदा करून पाहिलेल्या विद्यार्थ्याला आपला कल तंत्राकडे आहे की माणसांकडे, याचा अंदाज येतो.

हा कल ओळखणेच सगळ्यात महत्त्वाचे. बीए आणि बीएस्सी ही अक्षरे पाहून निर्णय घेऊ नये. चारही वर्षांची विषयसूची मागवावी आणि त्यात नेटवर्क, प्रोग्रॅमिंग, डिजिटल फॉरेन्सिक यांचे प्रत्यक्ष प्रयोगाचे किती विषय आहेत ते मोजावे. बहुतेक पदव्यांत ते एखाद-दुसरेच असतात. पदवी वाईट म्हणून नव्हे, तर ती सामाजिक शास्त्राची असते म्हणून. महाराष्ट्राच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांत संगणक गुन्हे विश्लेषणाची पदे आहेत, पण जाहिरातीत विज्ञान किंवा संगणकाच्या पदवीची अट असते. फौजदार व्हायचे तर लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला कोणतीही मान्यताप्राप्त पदवी चालते. त्यासाठी इंग्लंडला जाण्याची गरज नाही. ब्रिटनच्या पोलीस दलातही विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला भरती होता येत नाही. परदेशी नागरिकाला तिथे कायम वास्तव्याचा हक्क लागतो. गुन्हेगारीशास्त्राची पदवी खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती संशोधन, पीडित-साहाय्य, तुरुंग आणि पुनर्वसनाचे काम, बँकांचे फसवणूक-प्रतिबंध विभाग आणि अध्यापन यांत. यूजीसीच्या नेट परीक्षेत ‘क्रिमिनॉलॉजी’ हा स्वतंत्र विषय आहे.

देशातले पर्यायही कमी नाहीत. मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाचा विभाग १९५९ पासून आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत गुन्हे व न्याय या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, आणि तिचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत काम करतो. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ गांधीनगरला आहे आणि त्याचा एक परिसर गोव्यात आहे. छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि मुंबई इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. सोलापुरातच राहून विधी किंवा संगणकशास्त्राची पदवी करायची आणि गुन्हेगारीशास्त्र पदव्युत्तर पातळीवर घ्यायचे, हा रस्ता खर्चाच्या दृष्टीने सगळ्यात शहाणपणाचा आहे. त्या टप्प्यावर परदेशी जायचे ठरले, तर पात्र विद्यार्थ्याला वर उल्लेखलेल्या शिष्यवृत्त्याही खुल्या होतात. तरीही परदेशी पदवीच घ्यायची ठरली, तर ती भारतात समकक्ष धरली जाईल का, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५ च्या नियमांनुसार आधीच तपासावे. पदवीचे प्रमाणपत्र हातात आल्यावर तपासणे म्हणजे फार उशीर झाला.

सोलापुरात शहर आयुक्तालय आणि ग्रामीण अधीक्षक कार्यालय अशा दोन पोलीस यंत्रणा आहेत. फसवणूक झालेला माणूस तक्रारीच्या टेबलासमोर बसतो तेव्हा मराठीत सुरुवात करतो आणि घाबरला की तेलुगूत किंवा कन्नडमध्ये बोलू लागतो. पैसे किती वाजता गेले, व्यवहाराचा क्रमांक कोणता, समोरच्याने फोनवर नेमके कोणते शब्द वापरले, हे त्याच्याकडून शांतपणे काढून घेणे आणि लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर नोंदवणे, यात तासाभराचा उशीरही महागात पडतो, कारण पैसा एका खात्यातून पुढच्या खात्यात सरकत असतो. या टेबलापलीकडे बसण्याची ज्यांची खरी इच्छा आहे, त्यांनी हा विषय जरूर घ्यावा. मात्र आधी विषयसूची, व्हिसाची पातळी आणि समकक्षता या तिन्हींची उत्तरे लेखी मागवावीत, आणि ती हाती येईपर्यंत कोणत्याही सल्लागाराला अनामत रक्कम देऊ नये.