दात पिवळे दिसतात म्हणून...

आई-बाबांनो, मुलाचे पुढचे कायमचे दात आले की अनेक घरांत काळजी सुरू होते. दुधाचे दात किती शुभ्र होते, हे पिवळे कसे? अहो, ते बहुधा निरोगीच असतात. दाताचं वरचं आवरण, म्हणजे एनॅमल, अर्धपारदर्शक असतं. त्याच्याखालच्या डेंटिनचा पिवळसर रंग त्यातून दिसतो. शेजारी दुधाचे पांढरे दात असले की तो जास्तच डोळ्यांत भरतो. त्यावरून मुलाला टोकू नका. चिडवलेलं मूल हसताना तोंडावर हात ठेवायला शिकतं, आणि मग ती सवय सुटता सुटत नाही.

दात पांढरे करण्याचा खरा हट्ट कॉलेजच्या उंबरठ्यावर येतो. मोबाइलवर पाहून कोळशाची पावडर येते, नाहीतर लिंबू-मीठ चोळणं सुरू होतं. हे घरात मुळीच चालू देऊ नका. आम्लाने आणि घासण्याने एनॅमल झिजतं, ते पुन्हा येत नाही आणि खालचा पिवळेपणा आणखी उघडा पडतो.

आधी दंतवैद्यांकडून कारण समजून घ्या. चहाचे डाग आणि कीटण नुसत्या सफाईने जातात. पडल्यामुळे एकच दात काळवंडला असेल, तर आतली नस तपासावी लागते. चंद्रपूर, यवतमाळच्या काही गावांत पाण्यातल्या जादा फ्लोराइडमुळे दातांवर डाग येतात; तिथे दात उजळवण्यासाठी ब्लीचिंग केल्यावर पांढरे ठिपके कधी कधी जास्तच उठून दिसतात.

ब्लीचिंगमध्ये पेरॉक्साइडचं जेल वापरतात. दवाखान्यात ते तीव्र असतं, फरक लगेच दिसतो. दाताच्या मापाचा ट्रे करून घरी सौम्य जेल लावलं तर साधारण दोन आठवडे लागतात, पण फळ जवळपास तेच मिळतं. मला ही सावकाश वाट अधिक बरी वाटते. काही दिवस दात शिवशिवतात, हिरड्या चुरचुरतात. दातात भरलेलं सिमेंट किंवा कॅप मात्र उजळत नाही. आणि उजळलेला रंगही कायमचा नसतो.

युरोपीय संघात ०.१ टक्क्याहून जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली अशी उत्पादनं १८ वर्षांखालील मुलांसाठी वापरायला मनाई आहे. आपणही तेवढं थांबूया. तोवर मुलांना दोन वेळा ब्रश करायची सवय लावा आणि वर्षातून एकदा तरी दंतवैद्यांकडे न्या.