एसीचा गॅस दरवर्षी जातो कुठे?

प्रश्न : आमच्याकडे दीड टनाचा स्प्लिट एसी आहे. खोली वरच्या मजल्यावर, माथ्यावर टिनाचे पत्रे आणि खाली पीओपीचे छत. मे महिन्यात रात्री खोली छान गार होते, पण दुपारी बारा ते चार नुसता वारा येतो. मधूनच बाहेरचा युनिट बंदही पडतो. मेकॅनिक दरवर्षी ‘गॅस कमी झाला’ म्हणून गॅस भरून जातो. चार दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. एसीला दरवर्षी गॅस लागतो का?
– एक वाचक, अहेरी

उत्तर : लागत नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो तांब्याच्या बंद नळ्यांतून फिरतो. आत खोलीची उष्णता घेतो, बाहेर सोडतो आणि परत येतो. तुमच्या घरच्या फ्रिजमध्येही असाच गॅस असतो. त्यात दरवर्षी गॅस भरायला कोणी आल्याचे आठवते का? गॅस खरोखरच कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅसही त्याच वाटेने जाणार.

पण तुमच्या तक्रारीतच एक खूण आहे : रात्री चालतो, दुपारी चालत नाही. गॅस गळाला असता तर तो सूर्य मावळल्यावर परत आला नसता. गॅस थोडासाच कमी असेल तर रात्री निभावून जाते, हे खरे. तरीही पहिला संशय दुपारवरच घ्यावा.

दुपारी दोन गोष्टी घडतात. पहिली उष्णतेची. एसीवर लिहिलेली ‘दीड टन’ ही क्षमता बाहेर ३५ आणि आत २७ अंश धरून मोजलेली असते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत मे महिन्यात ४५ अंश ही काही बातमी नव्हे. बाहेरची हवाच इतकी तापली की युनिटला उष्णता टाकायला जागा उरत नाही आणि क्षमता घटते. नेमक्या त्याच वेळी टिनाचे पत्रे खोलीत भर घालत असतात. त्यात बाहेरचा युनिट जाळी लावलेल्या गॅलरीत किंवा पत्र्याखाली कोंडलेला असेल, तर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. त्याच्यावर सावली असावी, पण समोर मोकळी जागा त्याहून महत्त्वाची.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. भर दुपारी गावातले सगळे कूलर-एसी चालू असतात. लाइनच्या टोकाला घर असेल तर २३० व्होल्टचे बरेच खाली येतात. कमी दाबावर कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद पडतो. निवला की पुन्हा चालू. दुपारी दोन वाजता स्टॅबिलायझरवरचा आकडा बघा. साधा स्टॅबिलायझर १७० व्होल्टच्या आसपास हात टेकतो; १३० किंवा ९० पासून चालणारेही मिळतात. आकडा रोजच पडत असेल तर मेकॅनिकला नव्हे, महावितरणला १९१२ वर कळवा.

मग गॅस भरल्यावर चार दिवस बरे का वाटते? बहुधा त्याच फेरीत मेकॅनिक जाळी आणि कॉइल धुतो म्हणून. धुणे हाच खरा इलाज, पण बिल होते गॅसचे! यात एक गंमत आहे, अर्थात तुमच्या खर्चाने. गरज नसताना भरलेला जास्तीचा गॅस नळ्यांतला दाब वाढवतो, आणि भर उन्हात युनिट आणखी लवकर बंद पडतो. म्हणजे औषधानेच आजार वाढायचा.

घरच्या घरी तपासायचे तर आधी जाळी धुवा. मग साध्या थर्मामीटरने खोलीची हवा आणि एसीतून येणारी हवा मोजा. फरक आठ-दहा अंशांचा किंवा जास्त असेल तर एसी त्याचे काम करतो आहे. उपाय पत्र्यांवर करा. वरून पांढरा परावर्तक रंग द्या, पत्रा आणि पीओपी यांच्यामध्ये उष्णतारोधक थर घाला. रिमोटवर १६ केल्याने खोली लवकर गार होत नाही, एसी फक्त जास्त वेळ राबतो. आणि त्याच खोलीत कूलर जोडीला लावू नका. कूलर हवेत ओल भरणार आणि एसी ती काढत बसणार.

फरक कमी निघाला, आणि बाहेरच्या युनिटपाशी बारीक नळीवर बर्फ किंवा पितळी नटाभोवती तेलकट डाग दिसला, तर मात्र गळती आहे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही झिरपते, त्याचा तो डाग.

चंद्रपूर शंभराहून जास्त किलोमीटर दूर, त्यामुळे अहेरी-आलापल्लीकडे जो येईल तो मेकॅनिक, हे मला मान्य आहे. तरी काम सुरू होण्याआधी विचारा : गळती कुठे आहे, दाखव. नायट्रोजन भरून तपासणार का? व्हॅक्यूम पंप आणला आहे का? पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल न काढता गॅस सोडणे ही नवीन एसी बसवतानाही सर्रास होणारी चूक आहे. गॅस ‘अंदाजाने’ नको, वजनकाट्यावर मोजून हवा. कोणता आणि किती ग्रॅम, हे युनिटच्या पट्टीवर छापलेले असते. हल्ली बऱ्याच एसींत आर-३२ असतो. तो पेट घेऊ शकतो, म्हणून नळीची जोडणी तापवून करताना आत गॅस असता कामा नये.

वॉरंटी चालू असेल तर बाहेरच्या माणसाला युनिट उघडू देऊ नका. कंपनीकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या आणि प्रवासखर्च कोणाचा ते आधीच ठरवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पुढची पायरी गडचिरोलीचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्यासाठी पक्के बिल मात्र हवे, आणि त्यावर गॅसचे नाव व वजन लिहिलेले असावे.