उभा धागा, आडवा धागा

मननासाठी : योहान 20:19-31, रोमकरांस पत्र 7:15-25, स्तोत्र 13



पुनरुत्थानाचा सण होऊन आज आठ दिवस झाले. चाळीस दिवस मुके ठेवलेले 'आलेलुया' पुन्हा आपल्या ओठांवर आले आहे. बाहेर वसंत ऋतू आहे, पण आपल्या सोलापूरचा वसंत म्हणजे निम्मा उन्हाळाच. ऊन डोक्यावर तापते आणि त्याच उन्हात कडुनिंबाला मोहर येतो. एकाच झाडाची जुनी पिवळी पाने खाली गळतात आणि वर तांबूस पालवी फुटते. पाडव्याला आपले शेजारी कडुनिंब आणि गूळ एकत्र करून खातात. कडू वेगळे, गोड वेगळे असे ते ताटात मांडत नाहीत.

आपल्या मनाचेही असेच आहे. मात्र मनातले कडू देवासमोर आणायची आपल्याला लाज वाटते. आज याच गोष्टीचा थोडा विचार करू या.

आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. आमची आई दोन वर्षे अंथरुणाला खिळून होती. आम्ही दोघांनी तिचे सगळे केले. लोक आमचे कौतुक करायचे आणि आम्ही मान खाली घालून ऐकायचो. कारण घरातली खरी गोष्ट आम्हालाच ठाऊक होती. रात्री तिसऱ्यांदा हाक आली की जीव चिडायचा. आवाज चढायचा. मग तिचा चेहरा पाहून रडू यायचे. एका रात्री आम्ही म्हणालो, "देवा, आता सोडव." ही प्रार्थना तिच्यासाठी होती की आमच्यासाठी, हे आम्हाला आजही नीट सांगता येत नाही.

ती गेल्यावर तिची ट्रंक उघडायला आमचा हात धजेना. माया खरी होती आणि वैतागही खरा होता. आम्हाला वाटे, वैताग खरा असेल तर माया खोटीच असली पाहिजे. रविवारी मिस्सेला जायचो, पण ख्रिस्तशरीर घ्यायला उठताना पाय जड व्हायचे.

संत पौलाला हे दुखणे ठाऊक होते. रोमकरांना लिहिताना तो मोकळेपणाने सांगतो की, आपण काय करतो ते आपल्यालाच कळत नाही. जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि ज्याचा तिटकारा येतो तेच होऊन जाते. एवढा मोठा प्रेषित, पण त्याने आपल्या मनातली ओढाताण झाकून ठेवली नाही. ती त्याने लिहून काढली आणि लिहिता लिहिता शेवटी देवाचे आभार मानण्यापर्यंत पोहोचला.

स्तोत्र 13 ची वाटही तीच आहे. अवघ्या सहा वचनांचे हे स्तोत्र. सुरुवातीला तक्रार आहे, देव आपल्याला विसरला की काय असा प्रश्न आहे. मध्ये विनवणी आहे आणि शेवटी गाणे आहे. स्तोत्रकाराने तक्रार खोडून फक्त गाणे ठेवले नाही. दोन्ही एकाच स्तोत्रात राहिले, आणि ख्रिस्तसभा आजही ते तसेच म्हणते.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरांतले एक उदाहरण पाहा. त्यांचा पंथ आपल्याहून वेगळा असला तरी लक्ष्मीबाई टिळकांचे नाव आपल्याला परके नाही. 1895 साली त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या संसाराचे दोन तुकडे झाले. पतीवर माया होती, पण त्यांची वाट मान्य नव्हती. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. त्यातला काही काळ आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात गेला. सोवळ्या-ओवळ्याची लहानपणापासूनची सवय एका बाजूला आणि हळूहळू बदलणारे मन दुसऱ्या बाजूला. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. शाळेत न गेलेल्या या बाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिली. 1934 ते 1936 या काळात ती प्रसिद्ध झाली. त्यांत त्यांनी स्वतःचा राग, हट्ट, भीती काहीच लपवले नाही. हसत हसत सगळे मांडले. म्हणूनच ते पुस्तक वाचताना मन मोकळे होते.

आपण काही पुस्तक लिहिणारे नाही. पण आपल्या गावाला मागाचा आवाज ठाऊक आहे. मागावर ताण्याचे धागे उभे असतात आणि बाण्याचा धागा आडवा जातो. दोघांच्या दिशा अगदी विरुद्ध. म्हणूनच कापड होते. नुसत्या उभ्या धाग्यांची कितीही मोठी रास केली तरी ती पांघरता येत नाही. ताणा सैल पडला तरी कापड बिघडते. सोलापुरी चादरीला 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची गंमत आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. जॅकार्डची चादर उलटली की तीच नक्षी मागे दिसते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली असते. इकडे जमीन लाल आणि फूल पांढरे, तर तिकडे जमीन पांढरी आणि फूल लाल. चादर एकच. मागची बाजू कापून टाकतो म्हणणाऱ्याच्या हातात पुढचीही उरणार नाही.

यंदाच्या उपवासकाळात एका शुक्रवारी, क्रुसाची वाट करून आल्यावर, आम्ही आईची ट्रंक उघडली. जुनी सुती लुगडी होती. तिने दोन वर्षे पांघरलेली चादर होती, कडेला विरलेली, औषधाचे डाग पडलेली. शेजारच्या मावशी वाकळ छान शिवतात. त्यांना विचारले, "मावशी, हा डागाचा तुकडा टाकून देऊ का?" त्या म्हणाल्या, "टाकू नकोस गं. डागाचा भागच मऊ असतो. तो सगळ्यात जास्त वेळा धुतलेला असतो."

तो तुकडा आम्ही वाकळीच्या मधोमध घेतला. रोज जपमाळेनंतर अर्धा तास शिवायचो. टीव्ही बंद, बोलणे नाही. एकाने सुईत दोरा ओवायचा, दुसऱ्याने धावदोरा घालायचा, मग बदलायचे. टाका वाकडा गेला तर गेला. काही टाक्यांना तिचे हसणे आठवले, काही टाक्यांना आमचे कठोर शब्द. तोंडाने जे सांगता येत नव्हते ते हाताने धरून ठेवले. पवित्र आठवड्यात आम्ही पापनिवेदनाला गेलो आणि हे सगळे सांगितले. धर्मगुरूंनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "थकवा हे पाप नाही. थकव्यात बोललेला कठोर शब्द तेवढा देवाच्या हाती द्या, आणि थकव्याबद्दल स्वतःला शिक्षा करणे थांबवा."

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. मनातले दोन्ही धागे स्वीकारणे म्हणजे पापाला बरे म्हणणे नव्हे. पाप असेल ते कबूल करायचे, ज्याला दुखावले त्याची माफी मागायची. पण दुःख, भीती, राग, थकवा, शंका ही आपली दुखरी जागा आहे. ती झाकली तर चिघळते, प्रभूला दाखवली तर तो हात ठेवतो.

आजच्या शुभवर्तमानात हेच दिसते. प्रभू मरणावर विजय मिळवून उठला, तरी त्याच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण राहिले. ते पुसून टाकणे त्याला काय अवघड होते? पण त्याने ते शिष्यांना दाखवले. संत थॉमसाच्या मनात शंका होती, ओढही होती. प्रभूने त्याला हाकलले नाही, जवळ बोलावले. त्याच्या कबुलीचे शब्द व्रणांसमोरच बाहेर पडले.

आजपासून पेंटेकॉस्टपर्यंत सहा आठवडे आहेत. घरी एवढे करून पाहू या :

1. आठवड्यातून एक संध्याकाळ, शक्यतो शुक्रवारची, अर्धा तास ठरवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. सुरुवातीला दोन मिनिटे नुसते गप्प बसा, श्वासाकडे लक्ष द्या आणि पवित्र आत्म्याला बोलवा.

2. हाताचे साधे काम घ्या. वाकळ, रांगोळी, विणकाम, मातीचे काम, वहीतले चित्र, काहीही चालेल. मुलांना रंगीत कागद द्या. सुंदर झाले पाहिजे अशी अट नको.

3. दोन रंग निवडा. एक या आठवड्यातल्या आनंदाचा, एक ओझ्याचा. दोन्ही एकाच कामात येऊ द्या.

4. ज्यांना लिहायला आवडते त्यांनी स्तोत्र 13 च्या क्रमाने स्वतःच्या सहा ओळी लिहाव्यात. आधी तक्रार, मग विनवणी, मग विश्वास. तक्रार खरी लिहावी. विश्वासाची ओळ सुचली नाही तर जागा कोरी ठेवावी, घाई करू नये.

5. काम घरच्या क्रुसासमोर ठेवून 'आमच्या स्वर्गीय पित्या' म्हणा. मनात पाप टोचले असेल तर पापनिवेदनाला या.

कोणाची झोप उडाली असेल, आठवडेच्या आठवडे जगणे नको वाटत असेल, तर त्यांनी एकट्याने सोसू नये. घरच्यांना सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे. तोही देवाचाच मार्ग आहे.

कुटुंबात बोलण्यासाठी : आपल्या घरात कोणती भावना आपण देवापासून लपवतो? कोणाचा थकवा आपल्याला अजून दिसलेला नाही?

आपण शुक्रवार पेठेतली माणसे. शुक्रवार ओलांडल्याशिवाय पुनरुत्थानाचा रविवार येत नाही, हे आपल्या पत्त्यातच लिहिलेले आहे. आमची वाकळ अजून पुरी झालेली नाही, एक कड राहिली आहे. पण परवा रात्री गच्चीवर वारा सुटला तेव्हा तीच अंगावर घेतली. मधला तुकडा खरोखरच सगळ्यात मऊ लागला.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तुझे व्रण तू आम्हाला दाखवलेस. आमचेही तुझ्यापुढे आणण्याचे धैर्य दे. आमच्या मनातले उभे-आडवे धागे तुझ्या हातात घे, आणि कोणाला तरी ऊब देईल असे कापड त्यांतून विण. आमेन.